व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं: आता काय करायचं?

जानेवारी सरत आला की, आणि दिवाळीचा फराळ जिरल्यावर महिनाभराने, वाचकांच्या पत्रांत एक तक्रार ठरलेली असते. "रोज पाऊण तास चालते, साखर सोडली, तरी दीड किलो वाढलं." "जिमचे वर्षाचे पैसे भरलेत आणि काटा उलटाच चाललाय." पाठोपाठ प्रश्न येतो: मला व्यायाम मानवत नाही का?

व्यायाम मानवत नाही, असं फार क्वचित होतं. अडचण वेगळीच असते. काट्यावर दिसणारं जास्तीचं वजन कशाचं आहे, हे न पाहताच लोक निर्णय घेऊन टाकतात. ते नुसतं पाणी असू शकतं, जास्तीचं खाणं असू शकतं, एखाद्या औषधाचा वा आजाराचा परिणामही असू शकतो. अंगात पाणी धरलेलं असताना जेवण निम्म्यावर आणलं, तर आठवडाभरात गळून जायला होतं आणि व्यायामच सुटतो. थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नसताना चालण्याचे फेरे वाढवले, तर गुडघे धरतात आणि वजन जिथल्या तिथे. तेव्हा आधी कारण ओळखा, मग उपायाला हात घाला.

आधी कॅलेंडर काढा

दुधाचे खाडे लिहिता त्याच कॅलेंडरवर व्यायाम सुरू केल्याची तारीख शोधा. तेव्हापासून किती आठवडे झाले, त्यावर पुढचं ठरतं.

- तीन आठवड्यांच्या आत एक-दोन किलो वाढ: बहुतेक वेळा पाणी. व्यायाम तसाच चालू ठेवा, बाकी काही बदलू नका.
- तीन ते सहा आठवडे: अजून घाई नको, पण वजन आणि कंबर नीट मोजायला लागा.
- सहा आठवडे उलटले, वजन चढतंच आहे आणि कंबरही वाढते आहे: आता खाणं, झोप, बैठं काम आणि औषधं तपासायची.
- दोन-तीन दिवसांत दोन किलो किंवा जास्त वाढ, सोबत पायांवर सूज किंवा धाप: लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना गाठा.

पहिल्या तीन आठवड्यांतलं वजन

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आठवड्यात किलोभर चरबी चढायची, तर रोजचं जेवण पुरेसं असताना वर आणखी पंचवीस-सव्वीस वडापाव पोटात जायला हवेत. ते गेले नसतील, तर काट्यावरचा तो किलो चरबीचा नाही.

सवय नसलेल्या हालचालींनी स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून येईपर्यंत तिथे थोडी सूज राहते आणि पाणी धरलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, ती हीच अवस्था. सिंहगड किंवा पर्वती चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी पाय बोलतात ते उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार सांभाळत असतो, आणि त्यानेच त्याला जास्त इजा होते. जिममध्ये उचललेलं वजन सावकाश खाली आणतानाही हेच घडतं.

दुसरं कारण इंधनाचं. व्यायामाची सवय लागू लागली की स्नायू स्वतःजवळ ग्लायकोजेनचा, म्हणजे लगेच वापरता येणाऱ्या पिष्टाचा, साठा वाढवतात. हा साठा कोरडा राहत नाही. दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत येतं. शंभर-दीडशे ग्रॅम साठा वाढला, तर काट्यावर अर्धा किलो सहज दिसतो. चालणं, पळणं, सायकल यांनी रक्तातला द्रव भागही काही दिवसांतच वाढतो. त्याने हृदयाचं काम सोपं होतं. म्हणजे व्यायाम लागू पडतो आहे याचीच ही खूण, पण काटा ती वाढ म्हणूनच दाखवतो.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट. पाळीच्या आधीच्या आठवड्यात एखादा किलो, कुणाला त्याहून जास्तही, पाणी अंगात धरलं जातं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. १ तारखेला व्यायाम सुरू केला, २२ तारखेला वजन केलं आणि २५ तारखेला पाळी आली, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. या महिन्याच्या पाळीनंतरचा आकडा मागच्या महिन्याच्या पाळीनंतरच्या आकड्याशीच ताडून पाहा. पाळी चुकली असेल आणि शक्यता असेल, तर आधी गरोदरपणाची चाचणी करा. हे सांगायला नको, असं वाटतं. पण सांगावं लागतं.

मिठाचंही तसंच. घाम येतो म्हणून चालून आल्यावर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस पिण्याची पद्धत पडली आहे. तासाभराच्या साध्या व्यायामाला त्याची गरज नाही, साधं पाणी पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. लोणचं, पापड आणि फरसाण असलेल्या घरात ते त्या सरबताशिवायच ओलांडलं जातं.

या तीन आठवड्यांत पाणी पिणं कमी करू नका, जेवण तोडू नका. अंग फारच ठणकत असेल, तर दोन दिवस हलकं चाला आणि पुन्हा सुरू करा.

काटा आणि टेप कसे वापरावेत

दिवसभरात वजन किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. सकाळचं वजन एका दिवशी आणि रात्री जेवणानंतरचं दुसऱ्या दिवशी, अशी तुलना केली तर घाबरायला कारण नक्की मिळेल.

- सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा.
- काटा कडक फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा उंचसखल शहाबादी फरशीवर आकडा बदलतो.
- रोजचा आकडा लिहा, पण बघा आठवड्याची सरासरी. रोज बघून जीव खाली-वर होत असेल, तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी करा.
- घरचा, जिममधला, दवाखान्यातला असे तीन काटे वापरू नका. एकच धरा.

त्याहून महत्त्वाची शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर कंबर मोजा. पोट आत ओढू नका. पँटचं माप म्हणजे ही कंबर नव्हे. ढेरीखाली पट्टा बांधणाऱ्याची पँट वर्षानुवर्षं चौतिसाचीच राहते. भारतीय शरीरयष्टीसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर धरतात. दर पंधरा दिवसांनी मोजलं तरी पुरे.

वजन तेवढंच किंवा किलोभर जास्त, पण कंबर दोन सेंटिमीटर कमी, असं चित्र असेल तर तुमचं बरोबर चाललं आहे. काहीही बदलू नका. "स्नायू चरबीपेक्षा जड" असं यावर कुणी ना कुणी सांगेलच. तेवढ्याच वजनाचा स्नायू कमी जागा घेतो, एवढा त्याचा अर्थ. मात्र स्नायू आठवड्यात किलोभर चढत नाही. वजनं उचलणाऱ्या नवख्या, तरुण पुरुषालाही महिन्याला अर्धा ते एक किलो म्हणजे खूप झालं, बायकांना त्याहून कमी. नुसत्या चालण्याने तर फारच थोडा वाढतो. दोन महिने चालून कंबर वाढली असेल, तर ते स्नायू नाहीत.

सहा आठवड्यांनंतर: ताटाकडे बघा

व्यायामाने किती जळतं, याचा आपला अंदाज फार सढळ असतो. ६५ किलो वजनाची व्यक्ती पाऊण तासात झपाझप चालून सुमारे ४ किलोमीटर जाते. तेवढा वेळ घरी बसून राहिली असती, त्यापेक्षा जास्तीच्या साधारण १५० कॅलरी त्यात खर्च होतात. मनगटावरचं घड्याळ याहून मोठा आकडा दाखवतं. पुष्कळदा त्यात तुम्ही झोपून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या त्या कॅलरीही धरलेल्या असतात. समोरच्या बाजूला हे ठेवून बघा (अंदाजे आकडे, घरागणिक बदलणारे):

- दोन चमचे साखरेचा, घट्ट दुधाचा कपभर चहा: ८० ते १००
- वडापाव: २५० ते ३००
- मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे: १७०
- डिंकाचा एक लाडू: १५० ते २००
- उसाच्या रसाचा मोठा ग्लास: १५० च्या पुढे
- साबुदाण्याची खिचडी, एक डिश: ४००, कूट आणि तूप सढळ असेल तर आणखी
- तेलाचा एक चहाचा चमचा: ४५

चालण्याचा गट जमला की फेरी संपल्यावर चहा होतो, चहासोबत खारी येते, रविवारी इडली-वडा. गटामुळे चालण्यात खंड पडत नाही, म्हणून गट सोडा असं मी कधीच सांगणार नाही. चहा घ्या, खारी राहू द्या. बागेबाहेरच्या गाडीवरचा कारल्या-दुधीचा रस फारसा वजन वाढवत नाही, पण तिथेच गाजर-बीट-सफरचंदाचा मोठा ग्लास रोज होत असेल, तर तीही साखरच. चावून खाल्लेल्या फळाने पोट भरतं, रसाने तितकं भरत नाही.

'पौष्टिक' पदार्थ सगळ्यांत फसवे. व्यायाम सुरू केला म्हणून घरचे कौतुकाने बदाम भिजवतात, खजूर देतात, राजगिऱ्याची चिक्की पिशवीत टाकतात. मध-लिंबू-पाण्यातल्या मधाने चरबी वितळत नाही, तो साखरेसारखाच मोजायचा. यातला कुठलाच पदार्थ वाईट नाही. फक्त तो नेहमीच्या खाण्याच्या जागी यायला हवा, आणि येतो मात्र वर भर म्हणून.

उपवासाबद्दल 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे आहेच. आठवड्यातून दोन उपवास आणि दोन्हींना खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, दाण्याचा लाडू असा बेत असेल, तर आठवडाभराचं चालणं तिथेच जमा होतं. उपवास धरायचाच तर वरईचा भात, ताक, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ यांवर काढा. दाण्याची आमटी पातळ आणि वाटीभरच.

तेलाचा हिशेब महिन्यावर करा, तो चुकत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे आठ चमचे तेल झालं. त्यातूनच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी येतात. भाजी बेचव न करता हा डबा चार लिटरवर आणता येतो. फोडणीला बुधल्यातून ओतण्याऐवजी चमच्याने घाला. एवढा एकच बदल कित्येक घरांत पुरतो.

चार दिवसांची वही

कॅलरी मोजत आयुष्य काढायचं नाही. चार दिवस लिहा, त्यात एक रविवार हवा. खाल्लेलं, प्यालेलं, वेळ आणि भूक होती की नव्हती, एवढंच. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलाच्या ताटात उरलं म्हणून तोंडात टाकलेलं, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचं, सगळं. ही वही कुणाला दाखवायची नसते, म्हणून खरं लिहा.

मग त्यातल्या फक्त दोन गोष्टी बदला. पोळी, भाकरी, भात यांवर एकदम कुऱ्हाड चालवू नका. संध्याकाळी पाचला भुकेने जीव कासावीस होत असेल, तर दुपारच्या ताटात प्रथिनं कमी आहेत, असं समजा. राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ५० ग्रॅम. पातळ वरण आणि बटाट्याची भाजी यांनी ते भरत नाही. घट्ट उसळ, दही, अंडी, मासे, पनीर, भाजलेले चणे, जे घरात चालतं ते वाढवा आणि तेवढा भात कमी करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

उरलेले तेवीस तास

सकाळी तासभर घाम गाळला म्हणून दिवसभर लिफ्ट, रिक्षा आणि सोफा, हे नकळत होतं. पूर्वी भाजी आणायला पायी जाणारी व्यक्ती "आज माझं चालणं झालंय" म्हणून मुलाला स्कूटरवर पाठवते. फोनमध्ये पावलं मोजली जात असतील, तर व्यायाम सुरू होण्याआधीच्या आठवड्याची दिवसभराची एकूण पावलं आणि आताची एकूण पावलं ताडून बघा. फरक नगण्य निघाला, तर उत्तर मिळालं.

झोपेचा मुद्दा याहून मोठा, आणि त्याकडे कुणी बघत नाही. रात्री बाराला झोपणारा माणूस पाचचा गजर लावतो. दीड-दोन तास झोप तुटली की दिवसभर भूक जास्त लागते, ती गोड आणि तळलेल्याचीच, आणि संध्याकाळी हलायची इच्छा उरत नाही. लवकर झोपणं जमत नसेल, तर पहाटेचा हट्ट सोडा. संध्याकाळी सातला चाला किंवा जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा चाला. व्यायाम सकाळीच केला पाहिजे, असा नियम नाही. मधुमेह असणाऱ्यांना तर जेवणानंतरचं चालणं साखरेसाठी जास्तच उपयोगी.

व्यायाम सुरू करतानाच तंबाखू किंवा सिगारेट सोडली असेल, तर पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणं नेहमीचं आहे. सोडल्याचा फायदा त्या किलोंपेक्षा कितीतरी मोठा. परत धरू नका.

औषधं चालू असतील तर

कोणतंही औषध मनाने बंद करू नका. पण पुढचं वाचा आणि पुढच्या भेटीत विचारा.

मधुमेह. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना व्यायाम वाढला की साखर खाली जाते. हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं. मग पेढा, बिस्किटं, ग्लुकोज जे हाती लागेल ते खाल्लं जातं, आणि पुढे भीतीने चालायला निघण्याआधीच खायची सवय लागते. वजन इथून वाढतं. साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तेवढंच पुरे, डबा उघडायचा नाही. असं आठवड्यात दोनदा झालं, तर उपाय जास्त खाण्यात नाही, डोस कमी करण्यात आहे. आकडे तारीखवार लिहून डॉक्टरांकडे न्या. फक्त मेटफॉर्मिन चालू असलेल्यांची साखर व्यायामाने अशी क्वचितच घसरते. 'साखर उतरेल' म्हणून त्यांनी आधी खाऊन निघायची गरज सहसा नसते.

थायरॉइड. व्यायामामुळे सकाळचं वेळापत्रक बदलतं आणि गोळीचं गणित चुकतं. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा, दूध, नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. निघण्याच्या घाईत ती चहाबरोबर घेतली, किंवा चालून आल्यावर प्रोटीन पावडरीच्या दुधाबरोबर, तर पुरती शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवा. उठल्या उठल्या गोळी, मग बूट, मग चालणं आणि परत आल्यावर चहा, हा क्रम सगळ्यांत सोपा.

इतर. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, पायोग्लिटाझोन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट, प्रीगाबालिन यांनी वजन वाढू शकतं. नस दबल्याच्या दुखण्यावर प्रीगाबालिन लिहून दिलं जातं आणि त्याच सुमाराला व्यायामही सांगितला जातो. दोष मात्र व्यायामावर येतो.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

त्याच दिवशी:

- धाप लागते, आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, पायावर अंगठ्याने दाबलं तर खड्डा राहतो
- व्यायाम करताना छातीत दुखतं, जडपणा वाटतो, किंवा ती कळ हातात वा जबड्यात जाते
- जोराच्या व्यायामानंतर स्नायूंची असह्य दुखी आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी. स्नायू मोडून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याचं हे लक्षण आहे, मूत्रपिंडाला धोका असतो. नव्या जिममध्ये पहिल्याच दिवशी दोन-तीनशे बैठका काढायला लावल्यावर असं घडू शकतं

पंधरा दिवसांच्या आत:

- वजनवाढीबरोबर थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, केस गळणं, सतत सुस्ती. टीएसएच तपासून घ्या
- पाळी अनियमित, हनुवटीवर केस, मुरुमं. पीसीओएसची शक्यता विचारा
- मानेवर, काखेत काळपट मखमली चट्टे. साखर तपासा
- रात्री मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग

जाताना वजनाच्या व कंबरेच्या नोंदी, चार दिवसांची वही आणि सगळ्या औषधांची पाकिटं न्या. आयुर्वेदिक म्हणून घेतलेली पुडीसुद्धा. 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेण्याची गरज नसते.

व्यायामात काय बदलावं

सगळं तपासून झालं आणि खाणंही जागेवर आहे, तरच इकडे या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. आपल्याकडे दुसरा भाग हटकून गाळला जातो. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, इतका वेग. गप्पा रंगून हशा पिकत असेल, तर वेग कमी पडतोय.

काय विकलं जातं

वजन वाढलं म्हणून घाबरलेला माणूस हे उत्तम गिऱ्हाईक असतं.

- शरीरातली चरबी सांगणारं यंत्र. सौम्य वीजप्रवाह सोडून ते अंदाज बांधतं. तुम्ही किती पाणी प्यालात, नुकतेच जेवलात का, यावर आकडा हलतो. 'तुमच्या शरीराचं वय ५२' हे ऐकून काही विकत घेऊ नका. पेसमेकर असेल तर त्यावर उभंच राहू नका.
- घामाचे पट्टे, प्लास्टिकचे जाकीट. उतरतं ते पाणी, तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं. मे महिन्यात ते धोक्याचंही.
- पाणी उतरवणाऱ्या गोळ्या. रक्तातले क्षार बिघडतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको.
- प्रोटीन आणि 'मास गेनर'. दुसऱ्यात मुख्यतः साखर-पिष्ट असतं आणि नावातच वजन वाढवण्याचं सांगितलेलं आहे. तरी बारीक व्हायला आलेल्यांना ते दिलं जातं! राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा, असंच म्हटलं आहे.
- क्रिएटिन. पहिल्या आठवड्यातच स्नायूंत पाणी धरून किलोभर वाढवतं. घेत असाल तर ती वाढ त्याची.

पैसे भरून फसल्यासारखं वाटलं तर

लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. डब्यातल्या पावडरीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक नसेल, तर ती घेऊच नका.

जिमचं सभासदत्व ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, आणि तिला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. 'महिन्यात दहा किलो कमी, नाहीतर पैसे परत' असं लिहून दिलं आणि पाळलं नाही, सांगितलेला प्रशिक्षक दिलाच नाही, जिम अर्ध्यात बंद पडली, तर ती सेवेतली त्रुटी. अशा सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं हीही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं तर आहेच. मात्र तुम्हीच जायचं थांबवलंत आणि जिम चालू आहे, अशा वेळी बाजू कमकुवत होते. म्हणून सुरुवातीला वर्षाचे पैसे भरू नका. महिन्याचे भरा, महाग पडले तरी.

- पैसे देताना छापील पावती घ्या, तोंडी आश्वासनं त्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.
- तक्रार आधी लेखी, जिमच्या व्यवस्थापकाकडे. पोच ठेवा.
- दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.
- पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा, तेव्हा पावतीचा फोटो आजच काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांतही उडू शकते.